तिसऱ्याची हरकत

चेनवाल्याने अडुसष्टाव्या वर्षी अक्षरं गिरवायला घेतली ती काही विद्येच्या ओढीने नव्हे. संशयापोटी घेतली.

झालं असं की एका सकाळी त्याच्या गाळ्याच्या शटरवर नगरपालिकेची नोटीस चिकटवलेली होती. त्याने ती अलगद सोलली, घडी केली आणि घरी नेली. मुलाने वाचली आणि म्हणाला, गाळा गेला बाबा, आता आराम करा. सुनेने वाचली आणि म्हणाली, गेला कुठे, म्हणणं मांडायला मुदत आहे की. नगरपालिकेच्या दारात टेबल टाकून बसणाऱ्या अर्ज लिहिणाऱ्याने वाचली आणि चष्मा पुसत म्हणाला, प्रकरण अवघड आहे, पण आतली माणसं माझ्या ओळखीची आहेत. कागद एक, आणि तीन तोंडांतून निघाले तीन. मुलाला तर आपण घरी बसलेलंच हवं होतं, हे चेनवाल्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. मग त्याने जे हवं तेच वाचलं नसेल कशावरून?

दुसऱ्या दिवशी त्याने सुनेला सांगितलं, मला वाचायला शिकव. इथून पुढे कुणाच्या तोंडाने वाचायचं नाही.

तोवर त्याला येत होती ती फक्त सही. पन्नाशीत एका बँकेच्या शिपायाने शिकवलेली, एका दमात काढायची, मध्ये हात उचलला की बिघडायची. ती आल्यापासून त्याला सही करायचा भारी षोक. फवारणीवाले येवोत, मतदारयादीवाले येवोत, कुणीही कागद पुढे केला की हा पक्कड खाली ठेवून बोटं पुसायचा आणि ऐटीत सही ठोकायचा. अंगठा लावणाऱ्यांतला आपण आता राहिलो नाही, हे जगाला कळायला नको?

गाळा पादचारी पुलाच्या जिन्याखाली होता. बावीस गाळ्यांची ओळ, त्यातला सोळा नंबर. चार फूट रुंद, आणि जिन्याच्या उतरणीमुळे मागच्या अंगाला माणूस ताठ उभा राहू शकत नाही असा. तिथे तो चेन दुरुस्त करायचा. बॅगांच्या, जॅकेटांच्या, पँटींच्या, तंबूंच्यासुद्धा. भिंतीवर डब्या लावलेल्या, त्यांत मापामापाचे रनर. अडकलेल्या चेनीला मेणबत्तीचं टोक घासायचा, एकदा वर, एकदा खाली, आणि आवाजावरून सांगायचा दुखणं रनरचं आहे की दातांचं. बावीस वर्षं तो त्या गाळ्यात बसला होता. बायको गेली त्याच्या चौथ्या दिवशीही तिथेच येऊन बसला होता, कारण घरी हातांना काही करायला नव्हतं. गाळा गेला तर आपण भिंतीकडे बघत बसणार, आणि तसं बसलेलं माणूस फार दिवस बसत नाही, हे त्याने शेजारीपाजारी पाहिलं होतं.

नोटिशीत म्हटलं होतं की पाहणीच्या दिवशी गाळा बंद होता, शेजाऱ्याच्या जबाबावरून तो वापरात नसल्याचं दिसतं, सबब परवाना रद्द का करू नये.

शेजाऱ्याच्या. हे शब्द त्याने दीड महिन्यात स्वतःच्या डोळ्यांनी वाचले, बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत, आणि मग बोट तिथेच राहिलं.

म्हणणं मुदतीत देऊन झालं होतं, गाळ्याच्या सुनावणीची तारीख यायची होती. सुनेने मग त्याला कायदा सांगितला. सरकारी ऑफिसात असलेला कागद तुम्ही मागू शकता, का हवा ते सांगायचीही गरज नाही, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. चेनवाल्याचा त्यावरही विश्वास बसेना. का हवा ते न विचारता देतात? मग त्यात काहीतरी गोम असणार. तरी त्याने अर्ज केला, पाहणीचा कागद मागितला. पत्ता गाळ्याचा दिला, घरचा नाही. एक तर पोस्टमन गाळ्यावर येतो हाच गाळा चालू असल्याचा पुरावा, आणि दुसरं, घरी आलं तर मुलाच्या हाती पडायचं.

अठ्ठाविसाव्या दिवशी प्रत आली. छापील पत्रक. वर गाळ्याचा नंबर, कुणाचं नाव नाही. शेरा, बंद. त्याखाली शाईने लिहिलेलं, 'शेजारी सांगतात, त्याचं काही खरं नाही, आला तर आला.' आणि त्याखाली, जिथे शेजाऱ्याचं नाव आणि सही असायला हवी, तिथे काळा पट्टा. सोबतच्या पत्रात खुलासा होता की ही त्रयस्थ व्यक्तीची खाजगी माहिती असल्याने झाकली आहे.

पट्टा कितीही काळा असला तरी चेनवाल्याला त्याच्याआडचा माणूस लख्ख दिसला. पंधरा नंबरचा गाळा दोन वर्षांपासून पालिकेच्या झाडूंनी भरलेला. झाडू काही जबाब देत नाहीत. राहिला सतरा. सतरामध्ये चावीवाला. आणि 'त्याचं काही खरं नाही, आला तर आला' हे वाक्य त्या ओळीत एकाच माणसाच्या तोंडचं होतं. बस उशिरा आली की चावीवाला हेच म्हणायचा. गिऱ्हाईकाने उद्या येतो म्हटलं की त्याची पाठ वळताच हेच. मंत्री, पाऊस, पोटाचा त्रास, सगळ्यांना एकच माप.

आता ह्या दोघांचं कसं होतं तेही सांगायला हवं. चावीवाला सातआठ वर्षांनी लहान. तो ह्याला दादा म्हणायचा आणि म्हणता म्हणता टपलीही मारायचा. हा त्याला लेका म्हणायचा. एक उठला तर दुसऱ्याने बघायचं, असा ओळीचा रिवाज. पण चावीवाल्याचं बघणं वेगळं होतं. त्याच्याकडे लोक घरांच्या चाव्या ठेवून जायचे, दुपारी नवी करून ठेव म्हणायचे. तो गाळा क्षणभरही उघडा टाकता येत नसे आणि गिऱ्हाईकं ये-जा करत म्हणून बंदही ठेवता येत नसे. दीड वर्षापासून चावीवाला दर मंगळवारी सकाळी माल आणायला म्हणून जाऊ लागला. तेव्हापासून दर मंगळवारी चेनवाला स्वतःचं शटर ओढायचा, हातातली बॅग आणि रनरची डबी मांडीवर घेऊन सतरामध्ये जाऊन बसायचा, आणि चाव्या राखायचा.

सुनेने कॅलेंडर पाहून सांगितलं, पाहणीची तारीख मंगळवारची आहे.

दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. मंगळवारी चावीवाला ओळीत नसायचाच, मग त्याने जबाब दिला कसा? पण संशय एकदा घरात शिरला की पाहुण्यासारखा ओसरीवर बसत नाही, थेट स्वयंपाकघरात जातो. चेनवाल्याने हिशेब मांडला. त्या दिवशी मी सतरामध्येच होतो. पाहणीवाला आला असता तर मला दिसला असता. दिसला नाही, म्हणजे आलाच नाही. म्हणजे कागद ऑफिसात बसून झाला. आणि मंगळवारी ऑफिसात कोण जाऊ शकतो? जो माल आणायला म्हणून जातो तो. तीन नंबरचा लॅमिनेशनवाला तर सहज बोलून गेला की चावीवाल्याला त्याने एका मंगळवारी पालिकेच्या बाजूच्या गल्लीत शिरताना पाहिलं होतं. झालं. ज्याच्या चाव्या राखायला मी माझं शटर ओढलं, त्यानेच जाऊन सांगितलं की ह्याचं शटर बंद असतं.

पुढच्या मंगळवारी चावीवाल्याने पिशवी उचलली आणि नेहमीसारखं विचारलं, बसतोस ना दादा? चेनवाला मान वर न करता म्हणाला, कामं आहेत मला. चावीवाला थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने सगळ्या चाव्या एका पिशवीत भरल्या, शटर ओढलं, आणि पिशवी घेऊनच निघाला. दुपारी परत आला तो काळा गॉगल लावून. चेनवाल्याने मनाशी म्हटलं, बरोबर आहे, आता डोळ्याला डोळा कसा देईल?

असे तीन महिने गेले. बावीस वर्षांत जितकं बोलणं झालं होतं तितकंच न बोलणं त्या तीन महिन्यांत झालं. दोघांमधल्या पत्र्याला खिळ्याने पाडलेलं एक भोक होतं, त्यातून एकमेकांना सुट्टे पैसे सरकवायचे. चेनवाल्याने त्यात मेणाचा बोळा कोंबला.

ह्याच दिवसांत त्याने अपील केलं. काळ्या पट्ट्याखालचं नाव मला बघायचं आहे, एवढंच लिहिलं. पालिकेकडून गाळ्यावर उत्तर आलं की अपील वरच्या मॅडमकडे गेलं आहे आणि संबंधित त्रयस्थ व्यक्तीला, म्हणजे तिसऱ्या पक्षाला, त्याची हरकत आहे का ते विचारलं जाईल. चेनवाला ते वाचून खूश झाला. विचारा म्हणावं. कागद हातात पडला की लेकाची कशी तंतरते ते बघतो.

आणि त्याच आठवड्यात घरी एक पत्र आलं. सरकारी पाकीट, त्याच्या नावाचं, घरच्या पत्त्यावर. नशिबाने मुलगा कामावर गेला होता. चेनवाल्याने मोरीचं दार लावून घेतलं आणि आत उभ्याने वाचलं. 'आपली सही असलेल्या एका कागदाची माहिती एका अर्जदाराने मागितली आहे. ती देण्यास आपली हरकत असल्यास दहा दिवसांत कळवावे.'

 माझी सही असलेला कागद? कुणाला हवा आहे? का?

बाहेर येऊन तो पलंगावर बसला, आणि हळूहळू त्याच्या ध्यानात सगळं आलं. म्हणजे त्याला तसं वाटलं. मी त्याचा कागद मागितला, तर त्याने माझा मागितला. चावीवाल्याला पत्र पोचलं असणार, आणि त्याने लगेच उलटा डाव टाकला. कुठला कागद असेल? जन्मभर इतक्या कागदांवर सह्या केल्या होत्या की त्यातला कुठला आपला गळा धरील ते देवालाच माहीत.

सुनेला त्याने काही दाखवलं नाही. तिने अक्षरं शिकवली होती, पण तिचा नवरा शेवटी त्याचा मुलगाच. त्याने वहीचा कागद फाडला आणि आयुष्यातलं पहिलं पत्र स्वतःच्या हाताने लिहिलं. अडीच तास लागले. 'माझी सही असलेला कोणताही कागद कोणालाही दाखवू नये. मागणाऱ्याचा हेतू चांगला नाही.' खाली त्याने जुनी सही केली नाही, नव्याने शिकलेल्या अक्षरांत पूर्ण नाव लिहिलं. पत्र दोनदा वाचलं. ठसठशीत वाटलं. टाकलं.

पंधरा दिवसांनी गाळ्यावर पत्र आलं की तिसऱ्या पक्षाने हरकत घेतली आहे, म्हणून दोघांनाही सुनावणीला बोलावलं आहे, मंगळवारी साडेअकराला. चेनवाला ते वाचून हसला. हरकत घेतली म्हणजे मनात पाप आहेच. घरी गेला तर तिथे दुसरं पाकीट. त्याच्या नावाने. सुनावणी, मंगळवारी साडेअकराला. त्याला काही नवल वाटलं नाही. दोघांची दोन प्रकरणं, एकाच वेळी उडवणार. चावीवाला समोर बसणार, एकदा तो मला विचारणार, एकदा मी त्याला.

मंगळवारी सकाळी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. गाळ्यापाशी जाऊन मुद्दाम पाहिलं. चावीवाला चाव्यांची पिशवी घेऊन, शटर ओढून, निघालेला होता. चालला, म्हणाला चेनवाला, आणि मागोमाग निघाला. गल्लीच्या तोंडाशी गर्दीत तो हरवला, पण आता हरवून जाणार कुठे?

सुनावणीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, त्यावर फायली, एक पंखा, खिडकीतल्या कुंडीत वाळलेलं काहीतरी. मॅडम पन्नाशीच्या, केस मागे घट्ट बांधलेले. शिपायाने अर्जदाराचा पुकारा केला. चेनवाला उठून उभा राहिला. मॅडमनी बसा आजोबा म्हटलं. मग शिपायाने तिसऱ्या पक्षाचा पुकारा केला. चेनवाला दाराकडे बघत बसला. शिपायाने पुन्हा पुकारा केला, ह्या वेळी पूर्ण नाव घेऊन, बापाच्या नावासकट.

चेनवाला बसलेला पुन्हा उभा राहिला.

"आजोबा, तुमचं झालं. तिसऱ्या पक्षाला येऊ दे," मॅडम म्हणाल्या.

"माझंच नाव घेतलं त्यांनी."

मॅडमनी चष्मा लावला. एक पत्र पाहिलं, दुसरं पाहिलं. कारकुनाकडे पाहिलं. कारकून म्हणाला, मॅडम, एक पत्ता गाळ्याचा, एक घराचा, दोन टेबलांवरून गेलेली पत्रं.  मॅडमनी वहीचा फाडलेला कागद उचलला आणि वाचला. "'मागणाऱ्याचा हेतू चांगला नाही.' हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"मागणारे तुम्हीच आहात."

कारकुनाला हसू आवरेना, तो फाईल शोधायला म्हणून खाली वाकला. चेनवाल्याला वाटलं हे सगळे सामील आहेत. काहीतरी करून मला वेड्यात काढायचं ठरलं आहे. मॅडमनी फाईल उघडी करून त्याच्याकडे फिरवली. कायद्याने अजून दाखवता येतो की नाही मला माहीत नाही, म्हणाल्या, पण सही तुमचीच असेल तर तुमच्यापासून काय झाकायचं?

काळा पट्टा नसलेला मूळ कागद. सही एका दमात काढलेली, मध्ये हात न उचलता. बाजूला त्याचं नाव, घरचा पत्ता. त्याने बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं आणि तेवढ्या वेळात त्याला आठवलं. माणूस नाही आठवला. चेन आठवली. पितळी, पाच नंबरची, एका खांद्याच्या बॅगेची, एक दात वाकलेला. मोजणीला आलोय म्हणणाऱ्या एका घामाघूम माणसाची बॅग उघडेना, म्हणून ह्याने सतरामध्ये बसल्या बसल्या ती पक्कडीने सरळ करून दिली होती, पैसे घेतले नव्हते. त्या माणसाने विचारलं, हा गाळा तुमचा? चावीवाला नाही म्हटलं तर त्याच्यावर येईल, म्हणून हा म्हणाला, हो माझाच. मग त्याने विचारलं, शेजारचा कुठे आहे? आता शेजारचा मीच, असं कसं सांगणार? तेव्हा हा चावीवाल्याच्या गाळ्यात, चावीवाला होऊन, चावीवाल्याच्याच ढंगात हात उडवून म्हणाला होता, त्याचं काही खरं नाही, आला तर आला. आणि नक्कल छान वठली म्हणून मनातल्या मनात हसलाही होता. त्या माणसाने ओळखपत्र बघितलं, म्हणाला इथे सही करा आणि इथे. ह्याने दोन्हीकडे केली. खुशीत केली.

"आठवलं?" मॅडमनी विचारलं.

त्याने मान हलवली.

मग मॅडमनी सावकाश समजावलं. तुमच्या गाळ्याची सुनावणी पुढच्या आठवड्यात आहे. हा कागद तिथे दाखवलात तर त्या दिवशी तुम्ही ओळीतच होतात, काम करत होतात, हे सिद्ध होतं. पण तिसरा पक्ष म्हणून तुमची हरकत माझ्यापुढे आहे. ती मागे घ्यायला हवी. मागे घेतलीत की कागद खुला होतो, आणि खुला झाला की मागेल त्याला मिळतो. ह्याच्या मागचाच कागद सतरा नंबरचा आहे. गाळाधारक हजर, असा शेरा आणि खाली हीच सही. एक वाचून दुसरा न वाचल्यासारखं मला करता येणार नाही.

"हरकत ठेवली तर?"

"तर मी फाईल बंद करते. मी चार वाजता निकाल लिहिते. तोवर विचार करा."

चेनवाला जिना उतरला. बाहेर ऊन होतं. गल्लीतून जाताना त्याने पहिल्यांदाच पाटी वाचली. इतकी वर्षं ती तिथे होती आणि त्याच्यासाठी नुसती निळी होती. सरकारी नेत्र रुग्णालय. मंगळवार, नवीन व जुने रुग्ण.

चावीवाला एकच्या सुमाराला परत आला, गॉगल लावून. स्वतःच्या शटरच्या कुलपाला त्याने किल्ली लावली, ती बाजूला गेली. पुन्हा लावली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा त्याने डाव्या हाताच्या बोटाने भोक चाचपलं. चेनवाला बघत होता. तीन महिने तो बघत होता, पण त्याने हे पाहिलं नव्हतं.

"कुठून आलास?" त्याने विचारलं.

"माल आणायला गेलो होतो."

"डोळा दाखव."

चावीवाल्याने गॉगल काढला. उजव्या डोळ्यावर कापसाची पट्टी होती. तो म्हणाला की दर मंगळवारी जावं लागतं, आधी नुसतं बघायचे, आता तीन महिने डोळ्यात सुई टोचतात, कधी टोचतात, कधी नुसतं बघतात. डोळा राहील की जाईल ते सांगत नाहीत. कुणाला बोललो नाही कारण आंधळ्या चावीवाल्याकडे कोण येईल? बोटांना सगळं कळतं, पण गिऱ्हाईक बोटं बघत नाही.

चेनवाल्याने मग त्याला सगळं सांगितलं. नोटीस, काळा पट्टा, दोन पाकिटं, सही. काही झाकलं नाही, कारण झाकलेलं आज पुरे झालं होतं. चावीवाला ऐकत राहिला. मग म्हणाला, "तीन महिने मला वाटत होतं, तुला डोळ्याचं कळलं. आणि तू जाऊन ऑफिसात सांगणार."

"मी?"

"मग मंगळवारी बसायचं का सोडलंस? मी रोज वाट बघत होतो नोटिशीची."

तेवढ्यात एक बाई चावी न्यायला आली. चावीवाल्याने पिशवीत हात घालून, न बघता, बरोबर तिचीच काढून दिली.

ती गेल्यावर तो म्हणाला, "कागद तुझा आहे. घे म्हणणार नाही आणि नको घेऊ असंही म्हणणार नाही. फक्त घेणार असलास तर आधी सांग. लोकांच्या एकतीस चाव्या आहेत माझ्याकडे, त्या पोचवाव्या लागतील."

चेनवाल्याला वाटलं, हा मला अडवत कसा नाही? भांडला असता तर सोपं झालं असतं. असं बोलून हा माझ्या गळ्यात काय अडकवतोय? साडेतीनपर्यंत तो सोळामध्ये एकाच बॅगेची चेन वरखाली करत बसला. मग उठला. सतराकडे न बघता निघाला. आधी सांग म्हटलेलं होतं, पण सांगायला तोंड उघडेना.

पालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, खोलीबाहेरच्या बाकावर बसून त्याने कागद लिहिला. अडीच तास नाही लागले. तीनच शब्द होते. लिहून झाले तेव्हा जिन्यात पावलं वाजली, थांबत थांबत. चावीवाला भिंतीला हात लावून वर येत होता. अडवायला आला, हाच पहिला विचार. चेनवाल्याने कागद पाठीमागे नेला.

"काय लिहिलंस?" चावीवाल्याने विचारलं. त्याला दम लागला होता.

चेनवाल्याने कागद पुढे केला.

"मला आज दिसत नाही. वाच."

दुसरं काहीही वाचता आलं असतं. चेनवाल्याने बोट ठेवून वाचलं. "हरकत मागे घेतो."

चावीवाल्याने खिसा चाचपला. मग म्हणाला, "बरं झालं. नाहीतर मी उगाचच दोन जिने चढलो असतो."

आत गेल्यावर त्याने खिशातून दवाखान्याचं कार्ड काढलं, घड्या पडून मऊ झालेलं, आणि टेबलावर ठेवलं. त्यावर मंगळवारचे शिक्के होते, त्या तारखेचाही. हे पण फाईलला जोडा, म्हणाला.

मॅडमनी विचारलं, आपण ह्या प्रकरणात कोण?

"अर्जदार हा. तिसराही हाच. मी चौथा धरा."

मॅडमनी निकाल लिहिला. लिहिताना तोंडाने सांगत होत्या, चेनवाला उलट्या बाजूने अक्षरं ओळखायचा प्रयत्न करत होता, बोलतात तेच लिहितात का म्हणून. कागद खुला. प्रत अर्जदाराला आजच द्यावी. मग पेन ठेवून म्हणाल्या, सोळाचं काम बहुतेक होऊन जाईल. सतराला मात्र नोटीस जाईल, ती मला थांबवता येत नाही. ह्या कार्डाचा किती उपयोग होईल ते गाळे विभागावर आहे.

"जाऊ द्या," चावीवाला म्हणाला.

कारकुनाने प्रत काढली, शिक्का मारला. चेनवाल्याने ती दोन्ही बाजूंनी पाहिली, मग उजेडात धरून पाहिली, मग शर्टाच्या आत ठेवली.

जिना उतरताना चावीवाल्याने त्याचं कोपर धरलं. चेनवाल्याचं अंग आक्रसलं. क्षणभर वाटलं, ढकलतो की काय. पण तो पायाने पायरीची कड शोधत होता. एक मजला दोघे तसेच उतरले. इतक्या सहजासहजी कुणी सोडत नाही, चेनवाला विचार करत होता, ह्याच्या मनात काय आहे? शेवटी त्याने विचारूनच टाकलं.

"खरं सांग लेका. राग नाही आला तुला?"

"आलाय ना. उद्यापासून काढणार आहे. आज एकच डोळा आहे, तो पायऱ्यांना लागतोय."